जीआरईचा आराखडा: विभाग, प्रश्नप्रकार, वेळ आणि गुण कसे समजून घ्यावेत

पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई द्यायची ठरली की बहुतेक विद्यार्थी लगेच शब्दांच्या याद्या आणि गणिताची सूत्रे हाती घेतात. दोन्ही लागतातच. पण त्यांच्या आधी एक काम उरकायला हवे आणि ते फार वेळखाऊही नाही: परीक्षा कशी बांधली आहे, कोणत्या प्रश्नात काय केले म्हणजे उत्तर पूर्ण धरले जाते आणि गुण कसे मोजले जातात, हे नेमके समजून घेणे. विषय पक्का असूनही सूचना नीट न वाचल्यामुळे या परीक्षेत हकनाक गुण जातात, आणि तयारीच्या सगळ्या भागांत हाच एक भाग असा आहे की जो थोड्या दिवसांत पूर्णपणे हाताखाली घालता येतो. म्हणून या लेखात इंग्रजी किंवा गणित शिकवलेले नाही. परीक्षेची चौकट पायरीपायरीने उलगडली आहे आणि त्या चौकटीतून वेळेचे व निवडीचे कोणते निर्णय निघतात, ते सांगितले आहे.

पहिली पायरी: हातातले साहित्य आजच्या परीक्षेचे आहे का, ते तपासा

जीआरई जनरल टेस्ट ईटीएस ही संस्था घेते आणि परीक्षेचे स्वरूप तिने वेळोवेळी बदललेले आहे. शेवटचा मोठा बदल २२ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्याआधी परीक्षा सुमारे पावणेचार तास चाले, दोन निबंध लिहावे लागत, व्हर्बल (इंग्रजी भाषेचा भाग) आणि क्वांट (गणिताचा भाग) यांचे प्रत्येकी ४० प्रश्न असत, शिवाय गुणांत न धरला जाणारा एक जादा विभागही येऊ शके. आता परीक्षा १ तास ५८ मिनिटांची आहे, निबंध एकच आहे, व्हर्बल आणि क्वांटचे प्रत्येकी २७ प्रश्न आहेत आणि गुणांत न धरला जाणारा विभाग राहिलेला नाही. ठरवून दिलेली मधली सुट्टीही गेली.

जुनी पुस्तके याने पूर्ण निरुपयोगी होत नाहीत, कारण प्रश्नांचे प्रकार तेच राहिले आहेत. मात्र त्यांतले वेळेचे कोष्टक, सराव परीक्षांची लांबी आणि 'आर्ग्युमेंट' या दुसऱ्या निबंधाचा भाग बाजूला ठेवावा. एखाद्या पुस्तकात विरुद्धार्थी शब्द किंवा शब्दजोड्यांचे साम्य विचारणारे प्रश्न दिसले, अथवा गुण २०० ते ८०० या पट्टीवर दिलेले आढळले, तर ते पुस्तक ऑगस्ट २०११ पूर्वीचे आहे असे समजावे. ते आता वापरू नये.

याच टप्प्यावर, ज्या अभ्यासक्रमांना अर्ज करायचा आहे त्यांच्या प्रवेशाच्या अटीही वाचून घ्याव्यात. विद्यापीठांतल्या काही विभागांना जनरल टेस्ट लागते, काहींना ती ऐच्छिक असते, काही ठिकाणी ती मागतच नाहीत. व्यवस्थापनाच्या अनेक संस्था जीमॅट आणि जीआरई दोन्ही स्वीकारतात. गणित, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या जीआरई सब्जेक्ट टेस्ट ही पूर्णपणे वेगळी परीक्षा आहे, आणि तिचा विचार या लेखात केलेला नाही.

दुसरी पायरी: पाच विभागांचा क्रम आणि त्यांची वेळ डोक्यात बसवा

परीक्षेची सुरुवात नेहमी ॲनॅलिटिकल रायटिंगने होते: एक निबंध, ३० मिनिटे. त्यानंतर व्हर्बल रीझनिंगचे दोन आणि क्वांटिटेटिव्ह रीझनिंगचे दोन असे चार विभाग येतात आणि त्यांचा क्रम कसाही असू शकतो. व्हर्बलचा पहिला विभाग १२ प्रश्नांचा व १८ मिनिटांचा, दुसरा १५ प्रश्नांचा व २३ मिनिटांचा असतो. क्वांटचा पहिला विभाग १२ प्रश्नांचा व २१ मिनिटांचा, दुसरा १५ प्रश्नांचा व २६ मिनिटांचा असतो. या सगळ्यांची बेरीज ११८ मिनिटे होते.

भागाकार केला तर व्हर्बलमध्ये एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते आणि क्वांटमध्ये पावणेदोन मिनिटांच्या आसपास. ही सरासरी माहीत असावी, पण प्रत्येक प्रश्नाला तेवढाच वेळ द्यायचा असा तिचा अर्थ घेऊ नये. तो मुद्दा पुढे येईल. प्रत्येक विभागाचे घड्याळ स्वतंत्र असते. एका विभागात वाचलेली मिनिटे दुसऱ्या विभागात नेता येत नाहीत, आणि एकदा विभाग सोडला की त्यात परत जाता येत नाही. ठरलेली सुट्टी नसल्यामुळे मध्येच उठावे लागले तर घड्याळ थांबत नाही. दोन तास सलग बसून, लक्ष न ढळू देता काम करण्याची सवय हासुद्धा म्हणूनच तयारीचा भाग आहे.

तिसरी पायरी: गुण कसे मोजतात ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत

व्हर्बल आणि क्वांट यांचे गुण स्वतंत्रपणे १३० ते १७० या पट्टीवर, एकेका गुणाच्या अंतराने दिले जातात. निबंधाचे गुण ० ते ६ या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या अंतराने मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एका विभागातल्या सर्व प्रश्नांचे वजन सारखे असते. तुम्हाला सर्वांत अवघड वाटलेला प्रश्न आणि सर्वांत सोपा वाटलेला प्रश्न तुमच्या बरोबर उत्तरांच्या संख्येत एकेकानेच भर घालतात. अनेक भागांच्या प्रश्नात अर्धवट बरोबर उत्तराला अर्धे गुण मिळत नाहीत.

यातून दोन गोष्टी थेट निघतात. कोणताही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध तोटा आहे, तेव्हा वेळ संपण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नावर काही ना काही खूण झालीच पाहिजे. आणि एका अवघड प्रश्नाशी चार मिनिटे झुंजणे म्हणजे दोन सोप्या प्रश्नांची किंमत एका प्रश्नासाठी मोजणे आहे. अभियांत्रिकी किंवा विज्ञानातून आलेल्या विद्यार्थ्यांना हे विशेष जड जाते, कारण गणित अर्धवट सोडायचे नाही हीच त्यांची आजवरची शिकवण असते. या परीक्षेत ती बाजूला ठेवावी लागते.

आता सर्वाधिक गैरसमज असलेला भाग. ही परीक्षा विभागनिहाय जुळवून घेणारी आहे. व्हर्बलच्या पहिल्या विभागात सर्वांना मध्यम काठिण्याचे प्रश्न मिळतात. त्यातल्या एकूण कामगिरीवरून व्हर्बलचा दुसरा विभाग सोपा, मध्यम की कठीण द्यायचा हे संगणक ठरवतो. क्वांटचेही तसेच. २०११ पूर्वीच्या संगणकीय परीक्षेत प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न बदलत असे आणि मागे जाण्याची सोय नव्हती. त्या काळातले 'पहिले पाच प्रश्न जपून सोडवा' यांसारखे सल्ले अजूनही फिरत असतात आणि आजच्या परीक्षेला ते लागू पडत नाहीत. विभागाच्या आत आज काहीही बदलत नाही: प्रश्न आधीच ठरलेले असतात, कोणत्याही क्रमाने सोडवता येतात, उत्तर हवे तितक्या वेळा बदलता येते.

अंतिम गुण ठरवताना दोन्ही विभागांतली बरोबर उत्तरे मोजली जातात आणि विभागांच्या काठिण्यातला फरक लक्षात घेऊन त्यांचे पट्टीवरच्या गुणांत रूपांतर होते. त्यामुळे पहिला विभाग बिघडला तर वरच्या टोकाचे गुण आवाक्याबाहेर जातात, हे खरे आहे. पण दुसरा विभाग कठीण आला की सोपा, हे परीक्षेच्या मध्यावर ताडून पाहण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. तो अंदाज भरवशाचा नसतो, आणि त्यावर खर्च झालेले लक्ष समोरच्या प्रश्नावरून निघून जाते.

चौथी पायरी: निबंधाची सूचना शेवटच्या शब्दापर्यंत वाचण्याची सवय लावा

निबंधाच्या कामाला 'ॲनलाइज ॲन इश्यू' म्हणतात. सर्वसामान्य विषयावरचे एक विधान, शिफारस किंवा धोरण दिलेले असते आणि त्याखाली नेमके काय करायचे याची सूचना असते. ही सूचना दरवेळी एकसारखी नसते. कधी विधान कितपत पटते ते सांगून ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल आणि कोणत्या परिस्थितीत ठरणार नाही, याचा विचार करायला सांगतात. कधी आपल्या भूमिकेविरुद्ध येऊ शकणाऱ्या सर्वांत भक्कम आक्षेपांना उत्तर द्यायला सांगतात. धोरण दिलेले असेल तर ते राबवल्याच्या संभाव्य परिणामांनी आपली भूमिका कशी घडते ते विचारतात. विषय ओळखीचा निघाला म्हणून सूचना न वाचता लिहायला घेणे ही इथली नेहमीची चूक आहे, आणि भाषा उत्तम असूनही असा निबंध मागे पडतो.

संभाव्य विषयांचा पूर्ण संच ईटीएसच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहे आणि परीक्षेतला विषय त्यातलाच असतो. सगळ्या विषयांवर निबंध लिहून पाहणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही. त्यापेक्षा त्यातले वेगवेगळ्या सूचनांचे विषय निवडून, प्रत्येकावर पाच मिनिटांत भूमिका, दोन-तीन कारणे, प्रत्येक कारणाला एक ठोस उदाहरण आणि एक प्रतिवाद एवढा सांगाडा मांडण्याचा सराव करावा. पूर्ण निबंध मोजके लिहावेत, पण घड्याळ लावून लिहावेत.

लिहिण्यासाठी साधा संपादक मिळतो. त्यात मजकूर टाकणे, खोडणे, कापून दुसरीकडे चिकटवणे आणि केलेला बदल मागे घेणे एवढेच करता येते. स्पेलिंग किंवा व्याकरण तपासण्याची सोय नसते, तेव्हा सरावही त्या सोयी बंद करूनच करावा. निबंध एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो आणि ई-रेटर ही संगणकप्रणालीही त्याचे मूल्यमापन करते. दोघांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला तर दुसरा परीक्षक वाचतो आणि दोन परीक्षकांच्या गुणांची सरासरी धरली जाते.

पाचवी पायरी: व्हर्बलचे तीन प्रकार हाताळून पाहा

व्हर्बलमध्ये रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, टेक्स्ट कम्प्लिशन आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स असे तीन प्रकार येतात. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. बहुतेक उतारे एकाच परिच्छेदाचे असतात. एखाददुसरा लांब असतो. उताऱ्यावरच्या प्रश्नांतही तीन तऱ्हा आहेत: पाच पर्यायांतून एक निवडणे, तीन पर्यायांतून लागू पडणारे सर्व निवडणे, ज्यात उत्तर एक, दोन किंवा तिन्ही असू शकते, आणि वर्णनाला जुळणाऱ्या उताऱ्यातल्या वाक्यावरच क्लिक करणे. उत्तर उताऱ्यात जे आहे त्यावरूनच द्यायचे असते. विषय आपल्या अभ्यासाचा निघाला तर धोका उलट वाढतो, कारण आपल्याला बाहेरून माहीत असलेली गोष्ट उताऱ्यात सांगितलीच आहे असे वाटू लागते.

टेक्स्ट कम्प्लिशनमध्ये एक, दोन किंवा तीन रिकाम्या जागा असतात. एकच जागा असेल तर पाच पर्याय, दोन किंवा तीन असतील तर प्रत्येक जागेसाठी तीन-तीन पर्याय मिळतात, आणि सर्व जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतो. जागा क्रमानेच भरायची सक्ती नाही. अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेभोवतीचा मजकूर अधिक बोलका असतो, मग तिथून सुरुवात करून मागे यावे.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स हा प्रकार नवख्या परीक्षार्थींना सर्वाधिक चकवतो, म्हणून तो जरा जवळून पाहू. एका वाक्यात एकच रिकामी जागा असते, सहा पर्याय असतात आणि त्यांतले असे दोन निवडायचे असतात की दोन्हींनी वाक्य अर्थपूर्ण होईल आणि तयार झालेल्या दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा राहील. परीक्षा इंग्रजीत असते, पण साचा कळावा म्हणून मराठीत एक नमुना घेऊ:

"लोकांत तो लेखक ______ म्हणून ओळखला जाई, परंतु त्याची खासगी पत्रे वाचली की माणसांच्या सहवासाची त्याला किती ओढ होती, हे ध्यानात येते."

पर्याय: तुसडा, उदार, माणूसघाणा, विद्वान, दानशूर, अबोल.

'परंतु' या शब्दामुळे रिकाम्या जागेत सहवासाच्या ओढीच्या विरुद्ध काहीतरी हवे, हे पर्याय न पाहताच ठरवता येते. आता पर्याय पाहिले तर 'उदार' आणि 'दानशूर' ही समानार्थी जोडी लगेच डोळ्यांत भरते, पण वाक्याच्या वळणाशी तिचा मेळ बसत नाही. केवळ जोडी शोधणारा इथे फसतो. 'अबोल' वाक्यात एकटा चालून जाईल, परंतु त्याच अर्थाचे वाक्य देणारा जोडीदार त्याला नाही, म्हणून तोही गळतो. उरतात 'तुसडा' आणि 'माणूसघाणा', आणि तेच उत्तर. तेव्हा पद्धत अशी ठेवावी: आधी वाक्यातला निर्णायक शब्द शोधावा, रिकाम्या जागेसाठी आपल्या मनाने साधा शब्द योजावा, मगच पर्यायांकडे वळावे, आणि शेवटी दोन्ही वाक्ये पूर्ण वाचून अर्थ जुळतो का ते पाहावे. दोनांपैकी एकच शब्द बरोबर निवडला तर काहीच मिळत नाही.

सहावी पायरी: क्वांटच्या चार साच्यांची सवय करा

क्वांटमध्ये अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचे विश्लेषण एवढेच विषय असतात. त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र नसते. विषय शालेय पातळीचे असले तरी प्रश्नांची मांडणी तर्काची कसोटी पाहणारी असते, आणि साचे चार असतात: क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन, एकच उत्तर असलेले बहुपर्यायी प्रश्न, एक किंवा अधिक उत्तरे असलेले बहुपर्यायी प्रश्न आणि न्यूमरिक एन्ट्री. यांतले काही प्रश्न एखाद्या तक्त्यावर किंवा आलेखावर आधारलेल्या संचात येतात.

क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझनमध्ये दोन राशी दिलेल्या असतात आणि चार पर्याय कायम तेच असतात: पहिली राशी मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून संबंध ठरवता येत नाही. हे चार पर्याय याच क्रमाने पाठ असावेत. परीक्षेत ते पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नये. समजा, क्ष ही शून्याहून मोठी संख्या आहे, पहिली राशी क्षचा वर्ग आहे आणि दुसरी राशी क्ष आहे. घाईत क्ष म्हणजे २ धरला तर वर्ग ४ येतो आणि पहिली राशी मोठी वाटते. क्ष १ धरला तर दोन्ही समान होतात. क्ष म्हणजे एक द्वितीयांश धरला तर वर्ग एक चतुर्थांश येतो आणि दुसरी राशी मोठी ठरते. उत्तर चौथा पर्याय. अट 'शून्याहून मोठी' एवढीच होती. ती संख्या पूर्णांक आहे असे कोणी सांगितले नव्हते, आपणच ते गृहीत धरले. म्हणून चल असलेल्या तुलनेत एकच किंमत घालून थांबू नये: अटीत बसत असतील तर शून्य, एक, अपूर्णांक, ऋण संख्या आणि मोठी संख्या घालून पाहाव्यात. दोन वेगवेगळे निष्कर्ष निघताच चौथा पर्याय निश्चित होतो आणि पुढे काही करावे लागत नाही. उलट, दोन्ही राशी निव्वळ संख्या असतील, त्यांत चलही नसेल आणि अज्ञात मापही नसेल, तर चौथा पर्याय असूच शकत नाही.

आकृत्यांबाबतचा नियमही इथेच महत्त्वाचा ठरतो. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असे नाही, त्यामुळे नजरेने बाजू किंवा कोन मोजून उत्तर देऊ नये. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो काटकोन ठरत नाही. सरळ दिसणाऱ्या रेषा सरळ आहेत आणि रेषेवरचे बिंदू दाखवलेल्या क्रमाने आहेत, एवढे मात्र धरता येते. संख्यारेषा, निर्देशांक प्रतल आणि माहितीचे आलेख प्रमाणात असतात, त्यांवरून वाचून अंदाज घेता येतो.

अनेक उत्तरे असलेल्या प्रश्नात सर्व बरोबर पर्याय निवडावे लागतात. २४ आणि ३६ या दोन्हींना निःशेष भाग देणाऱ्या संख्या विचारल्या आणि पर्यायांत ४, ६, ८, ९ आणि १२ असतील, तर ४, ६ आणि १२ तिन्ही निवडले तरच गुण मिळतो. ६ आणि १२ निवडून ४ राहिला तर पदरी शून्य. पडद्यावरची खूणही ओळखून ठेवावी: पर्यायांपुढे लंबगोल असतील तर उत्तर एकच, चौकोन असतील तर एक किंवा अधिक. काही वेळा किती पर्याय निवडायचे ते सांगितलेले असते, काही वेळा नसते.

न्यूमरिक एन्ट्रीत पर्याय नसतात. उत्तर स्वतः टंकावे लागते. अपूर्णांकासाठी वर-खाली दोन चौकटी असतात आणि तो संक्षिप्त रूपातच हवा असे नाही. २.५ आणि २.५० दोन्ही चालतात. चौकटीशेजारी टक्क्याचे चिन्ह आधीच असेल तर साडेबारा टक्क्यांसाठी १२.५ लिहायचे असते, ०.१२५ नव्हे. ठरावीक दशांशापर्यंत पूर्णांकन सांगितले असेल तर ते शेवटच्या पायरीवरच करावे. मधल्या पायऱ्यांत केले तर उत्तर सरकते.

क्वांटमध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. त्यात चार मूलभूत क्रिया, वर्गमूळ आणि साठवणुकीची सोय असते, आठ अंकांपर्यंत आकडा दिसतो, आणि गुणाकार-भागाकार आधी हा क्रम तो पाळतो, म्हणजे १ + २ × ४ याचे उत्तर तो ९ देतो. एकाच चौकटीच्या न्यूमरिक एन्ट्रीत आलेले उत्तर 'ट्रान्सफर डिस्प्ले' या बटणाने थेट चौकटीत नेता येते. मोठ्या आकडेमोडीसाठी त्याचा उपयोग जरूर करावा, पण माउसने एकेक अंक दाबणे संथ असते आणि बहुतेक प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय सुटतील अशाच आकड्यांचे असतात. एखाद्या प्रश्नात फार किचकट आकडेमोड करावी लागत असेल तर बहुधा सोपी वाट नजरेतून सुटलेली असते.

सातवी पायरी: विभाग दोन फेऱ्यांत सोडवा

पडद्यावर प्रश्नाला खूण करण्यासाठी 'मार्क' आणि सर्व प्रश्नांची स्थिती दाखवण्यासाठी 'रिव्ह्यू' अशी बटणे असतात. रिव्ह्यूच्या यादीत कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, कोणते राहिले, कोणते अपूर्ण आहे आणि कशावर खूण केली आहे, हे दिसते आणि तिथून थेट हव्या त्या प्रश्नावर जाता येते. ही सोय असताना प्रश्न १ ते १२ एका दमात क्रमाने सोडवण्याचा हट्ट धरणे योग्य नाही.

पहिल्या फेरीत जे प्रश्न वाचताच वाट दिसते ते सोडवावेत. अर्ध्या मिनिटात वाट दिसली नाही तर तात्पुरते उत्तर नोंदवून, खूण करून पुढे जावे. तात्पुरते उत्तर नोंदवणे महत्त्वाचे, कारण परत येण्याइतका वेळ मिळाला नाही तरी प्रश्न कोरा राहत नाही. १८ मिनिटांच्या व्हर्बल विभागात पहिली फेरी चौदाव्या मिनिटाच्या आसपास संपेल असे पाहावे. उरलेली चार मिनिटे खूण केलेल्या प्रश्नांची.

दुसऱ्या फेरीत कोणता प्रश्न आधी घ्यायचा, याला अंदाजाच्या शक्यतेचा आधार घेता येतो. क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझनमध्ये डोळे मिटून केलेला अंदाज चारात एकदा बरोबर येण्याची शक्यता असते, पाच पर्यायांच्या प्रश्नात पाचात एकदा. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहातून दोनच्या १५ जोड्या होतात, तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात २७ संयोग, आणि न्यूमरिक एन्ट्रीत तर अंदाजाला जवळजवळ जागाच नाही. तेव्हा सारख्याच आवाक्यातले दोन प्रश्न उरले असतील आणि वेळ एकापुरताच असेल, तर न्यूमरिक एन्ट्री सोडवावी आणि तुलनेच्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे. व्हर्बलमध्येही हाच हिशेब लावता येतो, फक्त तीन जागांच्या प्रश्नाला वेळ अधिक लागतो हे लक्षात ठेवून.

आठवी पायरी: सराव कोणत्या क्रमाने करावा

सुरुवात प्रकारनिहाय आणि घड्याळाशिवाय करावी. प्रत्येक साच्याचे थोडे प्रश्न घेऊन सूचना मोठ्याने वाचाव्यात आणि उत्तर पूर्ण कधी धरले जाते ते स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, ते पाहावे. साचे ओळखीचे झाले की एकेक विभाग घड्याळ लावून सोडवावा: १२ प्रश्न १८ मिनिटांत, १५ प्रश्न २६ मिनिटांत, असा खऱ्या मापाने. त्यानंतर पूर्ण परीक्षा. ईटीएसच्या पॉवरप्रेप ऑनलाइनवर दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत मिळतात आणि पडदा, घड्याळ, कॅल्क्युलेटर सगळे खऱ्या परीक्षेसारखे असते. त्या दोन्ही पहिल्याच आठवड्यात उडवू नयेत. एक तयारीच्या सुरुवातीला साचे समजल्यावर द्यावी, दुसरी परीक्षेच्या एक-दोन आठवडे आधीसाठी राखून ठेवावी.

प्रत्येक चुकीपुढे ती विषय न आल्याने झाली, सूचना चुकीची वाचल्याने झाली की वेळ संपल्याने झाली, हे लिहून ठेवावे. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. सूचना चुकीची वाचणाऱ्याने आणखी शब्द पाठ केले तर त्याचे गुण वाढत नाहीत.

परीक्षा केंद्रावर कच्च्या कामासाठी कागद दिला जातो. घरून परीक्षा देण्याचा पर्याय निवडला तर कागद वापरता येत नाही. लहान व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणातला कोरा कागद आणि पुसता येणारा मार्कर वापरावा लागतो. दोन्हींवर आकडेमोड करण्याची लय वेगळी असते, तेव्हा जी पद्धत निवडली असेल तिनेच सराव करावा. अपंगत्व किंवा आरोग्याच्या कारणाने जादा वेळ किंवा अन्य सवलत हवी असेल तर तिची मंजुरी परीक्षेची तारीख नोंदवण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो.

नववी पायरी: निकाल वाचणे आणि तारीख ठरवणे

परीक्षा संपताच गुण रद्द करायचे की पाहायचे, असे विचारले जाते. पाहायचे म्हटल्यावर व्हर्बल आणि क्वांटचे अनधिकृत गुण लगेच पडद्यावर दिसतात. निबंधाच्या गुणांसह अधिकृत निकाल ८ ते १० दिवसांत मिळतो. निकालात गुणांबरोबर पर्सेंटाइलही असते, म्हणजे आपल्याहून कमी गुण असलेल्या परीक्षार्थींचे शेकडा प्रमाण. व्हर्बल आणि क्वांट यांच्या पट्ट्या सारख्या दिसल्या तरी पर्सेंटाइल सारखे नसते: क्वांटमध्ये वरचे गुण मिळवणारे पुष्कळ असल्याने १६० गुणांचे क्वांटमधले पर्सेंटाइल व्हर्बलमधल्या १६० पेक्षा बरेच खाली असते. म्हणून आपले लक्ष्य ठरवताना दोन्हींची बेरीज पाहू नये. ज्या विभागात प्रवेश हवा आहे तिथे कोणत्या भागाला महत्त्व आहे ते पाहावे.

परीक्षेच्या दिवशी चार संस्थांना निकाल विनाशुल्क पाठवता येतो, तेव्हा त्यांची नावे आधीच ठरवून जावे. स्कोअरसिलेक्ट या सोयीमुळे कोणत्या वेळचे गुण पाठवायचे ते निवडता येते, पण एका वेळचे व्हर्बल आणि दुसऱ्या वेळचे क्वांट अशी जुळवाजुळव करता येत नाही. एका दिवसाचे सर्व गुण एकत्रच जातात. गुण पाच वर्षे ग्राह्य असतात.

परीक्षा पुन्हा देता येते, पण दोन परीक्षांत किमान २१ दिवसांचे अंतर लागते आणि सलग १२ महिन्यांत पाचपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. रद्द केलेली परीक्षाही या मोजणीत धरली जाते. अर्जाच्या अंतिम मुदतीपासून मागे मोजले तर अधिकृत निकालाचे १० दिवस, तो संस्थेपर्यंत पोहोचून नोंदला जाण्यासाठी आणखी थोडे दिवस, आणि दुसऱ्या प्रयत्नासाठी २१ दिवस असा हिशेब होतो. शिवाय पहिल्या प्रयत्नात जे कच्चे दिसले त्यावर काम करायलाही वेळ हवा. हे सगळे धरता पहिली परीक्षा सर्वांत आधीच्या मुदतीच्या निदान दोन महिने अगोदरची घ्यावी.